सेल्बी आणि केझीची भिंत

माझा धाकटा दीर सेल्बी क्रिच बोलायला फार कंजूष होता. ग्रॅपलिन बेटावर आमची दोन घरं एकाच खडकावर, मधे फक्त माझा बटाट्याचा वाफा; तरी आठवडेच्या आठवडे त्याचा आवाज कानावर पडत नसे. पहाटे होडी घेऊन जायचा, कॉड मासे घेऊन यायचा, चिरायचा, खारवायचा आणि मान खाली घालून घरी. माझा नवरा हेडली म्हणायचा, "आईनं दोघांच्या वाटणीचे शब्द मला एकट्यालाच दिले." ते खोटं नव्हतं. हेडली झोपेतसुद्धा बोलायचा.

पण सेल्बीच्या हातात काहीतरी होतं. वसंतात होड्या उपड्या घालून रंगवायला घेतल्या की त्यांच्यावर नाव घालायला सगळे त्यालाच बोलावत. ओळ आखायला दोरी नाही, पट्टी नाही; एक डोळा मिटायचा आणि अक्षर काढायचा. काम झालं की डब्यांच्या तळाला उरलेला रंग झाकण घट्ट ठोकून आपल्या पडवीत ठेवून द्यायचा. लाल, हिरवा, पिवळा, काळा. त्याची बायको मर्टल वैतागायची. "कशाला ही अडगळ?" तो म्हणायचा, "लागेल." कशाला लागेल, हे त्यालाही माहीत नसावं.

केझी त्यांना उशिरा झाली. लग्नाला इतकी वर्षं उलटली होती की मर्टलनं पाळणा माझ्या बहिणीला देऊन टाकला होता, तो परत मागून आणावा लागला. नाव केझाया, सेल्बीच्या आजीचं. पण एवढं लांब नाव त्या चिमण्या अंगावर बसेना, म्हणून केझी. ती बापाच्या अगदी उलट. प्रश्न विचारायला लागली की समोरचा माणूस घराबाहेर पडेपर्यंत थांबायची नाही, आणि पडला तर मागून यायची.

ती चार वर्षांची असताना तिचा खुबा दुखायला लागला. उन्हाळ्यात डॉक्टरांचं जहाज आलं तेव्हा त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, हिवाळाभर निजवून ठेवा, चालू देऊ नका. मग मर्टलनं तिचं अंथरूण स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकड्यावर घातलं. समोर पांढरी लाकडी भिंत. बाहेर बर्फ. चालत्या पोरीला असं बांधून ठेवलं की ती दुसऱ्यांना बांधते. दिवसभर, "आई हे काय, आई ते काय."

एकदा मी त्यांच्याकडे पाव भाजायला गेले होते. केझीच्या हातात दुधाचा डबा होता, वर गायीचं चित्र. आमच्याकडे शेळ्या होत्या, मेंढ्या होत्या. गाय त्या पोरीनं कधी पाहिली नव्हती.

"बाबा, ही फक्त डोकंच आहे का? बाकीची गाय कुठंय?"

सेल्बी जाळं विणत बसला होता. "मागं असते."

"मागं म्हणजे कशी? बसताना पाय कुठं ठेवते?"

सेल्बीनं जाळं खाली ठेवलं. मग उठला, पडवीतून काळ्या रंगाचा डबा आणला, आणि मर्टल काही बोलायच्या आत भिंतीवर बसलेली गाय काढायला लागला.

"सेल्बी! ती भिंत मी इस्टरला रंगवलीय!"

"माहितंय," तो म्हणाला आणि थांबला नाही.

गाय काही जमली नाही. तोंड बरं होतं, पण खालचा भाग थेट सीलसारखा झाला. केझीनं मान तिरकी करून पाहिलं. "बाबा, ही पोहत आलीय का?"

सेल्बी हसला. मी त्याला असं खदखदून हसताना त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. संध्याकाळचं जेवण आटोपलं की डबे उघडायचे. गायीनंतर देऊळ, मग होड्या, मग आमचे एली काका चिलीम ओढताना. एली काका म्हणजे बेटावरचे सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत तोंडाळ. आपलं चित्र बघायला मुद्दाम आले आणि म्हणाले, "नाक एवढं मोठं कुणाचंय रे? वारा पडला तर शीड म्हणून वापरता येईल." केझी बाकड्यावरून ओरडली, "तुमचंच आहे काका, मी मोजून सांगितलं बाबांना!"

आणि मग अर्थातच केझीला स्वतःला रंग हवा झाला. इथं मर्टल आडवी आली. होडीचा रंग हाताला लागला की रॉकेलनं पुसावा लागतो. "पोरीच्या कातडीला रॉकेल लागलेलं मला चालणार नाही," ती म्हणाली. "आधीच हाडं उरलीत." सेल्बीनं डोकं खाजवलं. मग मर्टलच्याच कपाटातून कपड्यांच्या निळीचा खडा घेतला, भांड्यात फोडला, पिठाची पातळ खळ करून त्यात कालवला आणि भांडं केझीच्या हातात दिलं. नीळ पाण्यानं निघते. 

तर बाप वर रंगवायचा आणि लेक खाली, तिचा हात पोचेल तिथवर. वर सगळे रंग, खाली नुसतं निळं. वसंतात ती उठून चालायला लागली, थोडी लंगडत. पण भिंत काही सुटली नाही. मला आठवतं ते असं: सेल्बी खुर्चीवर उभा, पाठ सगळ्यांकडे, ब्रश चाललेला, त्याच्या पायांशी केझी मांडी घालून, कोपरापर्यंत निळी, दोघांच्या तोंडाला खळ नाही, म्हणजे तिच्या नाही, आणि तो मधेमधे "हं" म्हणतोय. एकदा ब्रश चांगला नाही म्हणून तिनं स्वतःच्या वेणीचं टोक कातरीनं कापलं आणि काडीला बांधलं. मर्टलनं तिला धपाटा घातला, मग स्वतःच रडली, मग दुसऱ्या बाजूची वेणी सारखी करून तेही केस ब्रशाला दिले.

मर्टल चुलीजवळ बसून मोजे विणायची. त्या दोघांत तिला जागा नव्हती असं नाही. पण कुणी ये म्हटलं नाही, आणि ती आपणहून जाणाऱ्यांतली नव्हती.

केझी सातव्या वर्षात होती तेव्हा ऑक्टोबरात ताप आला. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी मान वळेना. नर्स खाडीच्या पलीकडे, हेन्ली आर्म या गावात. वारा असा होता की धक्क्यावर माणसाला उभं राहता येत नव्हतं. सेल्बी आणि हेडली होडी घेऊन निघाले आणि बेटाच्या टोकावरूनच लाटांनी परत फेकले गेले. अंधार पडायच्या आत पुन्हा निघाले. त्या वेळी वल्हं मोडलं, आणि हेडलीनं भावाला अक्षरशः कमरेला धरून बसवलं, नाहीतर तो वाकून हातांनी पाणी मारायला लागला होता.

वारा पडला तेव्हा नर्स आली. तोवर मी आणि मर्टलनं मुलीला आंघोळ घालून पांढरा झगा घातला होता. नखांत थोडी नीळ राहिली होती. मर्टल म्हणाली, "राहू दे."

देवळामागच्या उतारावर तिला ठेवलं. सेल्बीनं लाकडी फळीवर नाव घातलं. अक्षरं सरळ आली. त्यानंतर ब्रश त्यानं हातात घेतला नाही. त्या वसंतात होड्यांवर नावं दुसऱ्या कुणीतरी घातली आणि ती वाकडी आली.

केझी गेल्यावर बेट सोडायची गोष्ट जोरात निघाली. सरकारचे लोक आधीपासून येऊन सांगत होते, मोठ्या गावांत या, तिथं रस्ता आहे, दवाखाना आहे, शाळा आहे. तोवर लोक हसायचे. आता ज्यांच्या घरात लहान मुलं होती ते हसेनासे झाले. शाळेच्या बाई गेल्या त्या परत आल्या नाहीत. पाद्री कित्येक महिन्यांनी उगवायला लागले. नियम असा की जवळजवळ सगळ्या घरांनी सही केली तरच जायला मदत मिळणार. एकेक करत सगळ्यांनी केली. एली काकांनीही, शिव्या देत. सेल्बी करेना. आणि आमची घरंच इतकी थोडी, की एक अडलं की सगळी अडली.

हेडली त्याच्याकडे गेला, मी मागून गेले. भांडण होणार हे दिसतच होतं.

"माझी चार पोरं आहेत सेल्बी," हेडली म्हणाला. "उद्या त्यांतल्या एकाला ताप आला तर? पुन्हा आपण दोघं वल्ही मोडत बसायचं?"

हेडली थांबला नाही.

"मेलेल्यांसाठी जिवंतांना मारणार का तू?"

"हेडली, पुरे," मी म्हणाले.

सेल्बी भिंतीकडे बघत म्हणाला, "तिला इथं एकटीला टाकून मी जाणार नाही." त्या वर्षात एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

मर्टल चुलीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली. "ती उतारावर आहे म्हणून तू राहतोस, की ही भिंत आहे म्हणून?"

त्याची नजर भिंतीवरच राहिली.

"बोल ना. रोज जेवताना तू हिच्याकडे तोंड करून बसतोस. जेवण झालं तरी बसतोस. तुझं तिच्याशी अजून चाललंय. तुला भिंत आहे सेल्बी. मला काय आहे? मला नुसती ही खोली आहे. ज्या बाकड्यावर ती गेली त्याच्यावर मी पीठ मळते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला इथून ने. पाया पडते तुझ्या."

हेडली टोपी घेऊन बाहेर निघून गेला. माझ्याच्यानं हलवेना. सेल्बी उठला, बायकोजवळ गेला, आणि त्याला काय करायचं ते कळेना म्हणून तिच्या हातातलं झाकण काढून घेऊन भांड्यावर ठेवलं. "घर न्यायचं पण," तो म्हणाला. "घरासकट." दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली.

घरं लाकडी होती; ती आम्ही पाण्यावरून हेन्ली आर्मला नेली. ज्यांची जुनी होती त्यांनी सोडून दिली. ज्यांची धड होती त्यांनी नेली. खालचे ओंडके काढायचे, घसरगुंडी करून घर किनाऱ्यापर्यंत ओढायचं, चारी बाजूंनी रिकामी पिंपं बांधायची, भरतीची वाट बघायची आणि मोटरबोटी लावून ओढत न्यायचं. सेल्बीचं घर निघालं त्या सकाळी समुद्र आरशासारखा होता. बेटावरचे सगळे पुरुष दोरावर होते. एली काका पिंपावर बसून सूर धरत होते आणि मधेच ओरडत होते, "मर्टल, चूल विझवू नकोस गं! निम्म्यात चहा लागेल आम्हाला!" मर्टल हसली. केझीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सेल्बीनं काच काढून खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या, दाराच्या फटीत चिंध्या आणि डांबर कोंबलं होतं. तो ओढणाऱ्या बोटीत मागच्या टोकाला बसला, तोंड घराकडे. घर खरोखर तरंगलं. पांढरं घर, हिरव्या कडा, धुराडं, सगळं पाण्यातून सावकाश चाललंय. मी आमच्या बोटीतून बघत होते आणि मला हसू का रडू कळत नव्हतं.

खाडीच्या मध्यावर गेल्यावर वाऱ्याचं काही नाही, नुसती एक लांब लाट यायला लागली, कुठल्यातरी दूरच्या वादळाची. घर डुलायला लागलं. एका बाजूची दोन पिंपं सुटली. तो कोपरा खाली गेला आणि पाणी आत शिरलं; आधी उंबरठ्यापर्यंत, मग खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत. सेल्बी उभा राहिला. हेडली मला नंतर म्हणाला की त्याला वाटलं हा आता उडी मारतो. पण सेल्बी पुन्हा बसला आणि म्हणाला, "हळू घे. थांबू नकोस, हळू घे."

घर बुडलं नाही. संध्याकाळी हेन्ली आर्मच्या वाळूवर लागलं, ओहोटीबरोबर दारातून पाणी निघून गेलं. माणसं पाठ थोपटत होती. एली काका म्हणाले, "भिजलं तर भिजलं, मर्टलची फरशी पुसायची वाचली."

सेल्बी आधी आत गेला. मी आणि मर्टल झाडू घेऊन मागून. फरशीवर चिखल, शेवाळ, चुलीच्या पायाशी एक छोटा खेकडा. भिंतीवर खिडकीच्या कडेइतकी एक रेघ उठली होती. रेघेच्या वर सगळं जसंच्या तसं: गाय, देऊळ, होड्या, एली काकांचं नाक. होडीचा रंग, त्याला समुद्र काय करणार. रेघेच्या खाली चिखलाचा थर, आणि त्यात कुठंकुठं निळसर ओघळ.

सेल्बीनं खिशातलं फडकं काढलं आणि चिखल पुसायला लागला, अगदी हलक्या हातानं, झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसा. फडकं निळं झालं. त्यानं ते पाहिलं. भिंतीवर त्या जागी नुसतं पांढरं लाकूड होतं.

मर्टल दारातच खाली बसली. "मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "रॉकेल नको, मीच म्हटलं होतं."

"तू काही केलं नाहीस," सेल्बी म्हणाला. मग मला म्हणाला, "वहिनी, खालचं कुणी पुसू नका."

मी झाडू तिथंच ठेवला आणि मर्टलला आमच्याकडे घेऊन गेले.

चिखल तसाच राहिला. हिवाळा आला, चुलीच्या उबेनं तो वाळला आणि पापुद्रे गळायला लागले. प्रत्येक पापुद्र्याबरोबर थोडं निळं. सेल्बी समोर बसून बघायचा. एके संध्याकाळी मी काकवीचा पाव घेऊन गेले, तेव्हा तो मर्टलला म्हणत होता, "इथं काय होतं? मला आठवत नाही." आणि पुन्हा, जरा घाबरल्यासारखा, "मर्टल, मला आठवत नाही गं. मी वर बघत असायचो."

मर्टलनं विणकाम मांडीवर ठेवलं. "कुठं?"

"कोपऱ्यात, इथं."

"तिथं बदक होतं," मर्टल म्हणाली. "त्याच्यामागं पिल्लं, ती प्रत्येक वाढदिवसाला एक वाढवायची. शेवटच्याला एकच पाय होता, नीळ संपली म्हणून. त्याच्या शेजारी देवमासा. त्याच्या पोटात तू होतास, होडीत बसलेला."

"मी?"

"तूच. टोपी घातलेला. मी तिला विचारलं, अगं, बाबाला गिळलं की काय? तर म्हणाली, नाही आई, आत ऊब असते, म्हणून गेलाय."

सेल्बीनं तोंड हातांत घेतलं. मर्टल उठली, त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली आणि बोटानं दाखवत राहिली. इथं धक्का होता. हे तुला वाटायचं लाटा, त्या लाटा नव्हत्या, माझ्या दोरीवरचे कपडे होते. ही मी होते. मी पाव झाकून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

त्या हिवाळ्यात मर्टलनं त्याला पुष्कळ सांगितलं असावं. वसंतात त्या दोघांनी मिळून भिंतीचा खालचा भाग धुऊन काढला आणि त्याला साधा हिरवा रंग दिला, जसा सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतो. वरची चित्रं ठेवली. नवे शेजारी आले की गायीला हसायचे. सेल्बी हसू द्यायचा.

पुढं त्याला कारखान्यात मासे कापायचं काम मिळालं. होडी विकली नाही, पण कारखान्याचा भोंगा वाजला की जायचं, मग होडीला वेळ कुठला. दर उन्हाळ्यात एकदा तो ग्रॅपलिनला जायचा, उतारावरचं गवत कापायचा, फळी बदलायचा. मर्टल कधी जायची, कधी नाही. तिला होडीत मळमळायचं, असं ती सांगायची.

सेल्बी गेला तो जून महिन्यात, जेवता जेवता. वय फार नव्हतं. समुद्र शांत होता, हवा स्वच्छ. त्याला बेटावर नेऊन केझीशेजारी ठेवायचं हे कुणी ठरवायचीही गरज नव्हती. हेडलीनं बोट धुऊन तयार ठेवली, फावडी घातली. मर्टल धक्क्यावर आली आणि म्हणाली, "ती फावडी काढ. त्याला इथंच ठेवायचं."

हेडली थक्क झाला. "अगं, त्यानं पोरीशेजारी जागा राखलीय. दर वर्षी दगड वेचत होता तिथले."

"राखू दे. तिथं मी जाईन." तिचा आवाज एकदम साधा होता, बाजाराचं बोलावं तसा. "त्याला ती पुष्कळ मिळाली. आता मला मिळू दे. आणि तोवर, हेडली, मला पायी जाता येईल असं एक तरी माणूस या बाजूला पाहिजे. वारा बघून, कुणाची बोट मागून नाही. उठलं की जायचं."

हेडलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "फावडी काढ."

सेल्बीला हेन्ली आर्मच्या टेकडीवर ठेवलं. आता हेडलीही गेला, तोही तिथंच आहे. माझा मोठा मुलगा मर्टलला म्हणतो, "काकू, तुम्हाला बेटावर मी पोचवीन, काळजी करू नका." पण तो कामाला लांब असतो, महिना महिना घरी नसतो, आणि आम्हा दोघींचे डोळे कधी मिटतील हे कुणाला माहीत. मर्टल रोज सकाळी टेकडी चढते. माझे गुडघे साथ देतील तेव्हा मीही जाते. ती तिथं फार बोलत नाही. थोडं गवत उपटते, पदर सारखा करावा तसा कोटाची कॉलर सारखी करते, खाडीकडे पाहते. मग म्हणते, "चल ड्रुसी, चहा टाकू," आणि आम्ही हळूहळू खाली येतो.